डबा घेऊन उभा असलेला गायक

१९७१ साली आलेल्या ‘जस्ट ॲज आय ॲम’ या अल्बमच्या कव्हरवर एक माणूस हातात जेवणाचा डबा घेऊन हसत उभा आहे. गिटार नाही, स्टेज नाही, दिव्यांचा झोत नाही. फोटो काढला तो कॅलिफोर्नियातल्या बरबँक इथल्या वेबर एअरक्राफ्ट कंपनीच्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत. हा माणूस, बिल विदर्स, तिथे बोइंग ७४७ विमानांची शौचालयं तयार करणाऱ्या विभागात कामाला होता. फोटोग्राफर बघून सोबतचे कामगार त्याला ‘हॉलीवूड’ म्हणून हाका मारत होते. आपला पहिला अल्बम निघतोय म्हणून त्याने नोकरी सोडलेली नव्हती. गाण्याचा धंदा बेभरवशाचा, पगार मात्र आठवड्याच्या आठवड्याला हातात पडतो, असा त्याचा सरळ हिशेब होता.

वय ३२. ज्या धंद्यात विशीतल्या पोरांचा शोध चालतो तिथे या वयाला नवा गायक म्हणून कुणी उभं करत नाही. पण या अल्बमचं सगळं बळ त्या वयात आहे. पहिला अल्बम म्हणजे बहुतेकदा एखाद्या तरुणाने आपण कोण आहोत ते शोधत केलेली धडपड असते. विदर्सकडे शोधायचं काही उरलं नव्हतं. जगून झालेलं आयुष्य त्याच्यापाशी होतं, आणि ते किती थोडक्या शब्दांत सांगता येतं हे त्याला कळलेलं होतं. ही थोडक्यात सांगण्याची शिस्त ब्लूजची आहे.

विदर्सचा जन्म ४ जुलै १९३८ चा, वेस्ट व्हर्जिनियातल्या स्लॅब फोर्क नावाच्या कोळसाखाणीच्या गावात. सहा भावंडांत तो धाकटा. तीन वर्षांचा असताना आई-वडील वेगळे झाले आणि जवळच्या बेकली गावात आईच्या माहेरच्या माणसांत तो वाढला. तेरा वर्षांचा असताना वडील गेले. लहानपणापासून बोलताना अडखळायचा. या डोंगराळ खाणपट्ट्यात दक्षिणेकडून आलेली काळी कुटुंबं आणि डोंगरातले गोरे खाणकामगार शेजारी-शेजारी राहत, त्यामुळे त्याच्या कानावर चर्चमधलं गॉस्पेल जसं पडलं तसंच रेडिओवरचं कंट्री संगीतही पडलं. पुढे त्याच्या गाण्यांना कोणत्या खान्यात टाकायचं यावरून रेकॉर्ड कंपन्या हैराण झाल्या, त्याचं मूळ इथे आहे.

सतराव्या-अठराव्या वर्षी तो नौदलात गेला आणि नऊ वर्षं तिथे राहिला. विमानांची दुरुस्ती शिकला, अडखळणं काबूत आणलं. गाण्याची आणि लिहिण्याची गोडी लागली तीही तिथेच. बोलताना अडखळणारा माणूस प्रत्येक शब्द तोंडातून काढण्याआधी मनात तोलतो. विदर्सच्या गाण्यांत एकही फालतू शब्द सापडत नाही, त्यामागे ही सवय असावी असं मला नेहमी वाटत आलं आहे.

नौदलातून बाहेर पडल्यावर त्याने मिळेल ते काम केलं. त्या दिवसांतला एक प्रसंग तो स्वतः सांगत असे. ओकलंडच्या एका क्लबात लू रॉल्स गाणार होता आणि त्याला यायला उशीर झाला होता. आठवड्याला दोन हजार डॉलर मोजतो तरी हा वेळेवर येत नाही, अशी क्लबच्या मॅनेजरची कुरकुर चालली होती. तासाला तीन डॉलर मिळवणाऱ्या विदर्सने ती ऐकली. मग रॉल्स आला आणि तिथल्या बायका त्याच्याभोवती गोळा झाल्या. विदर्सने गहाणवटीच्या दुकानातून एक स्वस्त गिटार घेतली आणि स्वतःच वाजवायला शिकला. १९६७ मध्ये तो लॉस एंजेलिसला आला. दिवसा कारखाना, आणि पगारातून बाजूला काढलेल्या पैशांत गाण्यांच्या नमुना-टेप. त्या टेप फिरत फिरत क्लॅरेन्स अव्हांट या माणसाकडे पोचल्या. अव्हांटची ससेक्स रेकॉर्ड्स ही कंपनी तेव्हा अगदी नवी, लहानशी होती. त्याने विदर्सला घेतलं आणि अल्बमची जबाबदारी बुकर टी. जोन्सवर सोपवली.

ही निवड नीट समजायची तर ब्लूजकडे थोडं वळावं लागेल.

ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिण भागात, मुख्यतः मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात, गुलामगिरी संपल्यानंतरच्या पिढ्यांनी घडवलेलं गाणं. त्याचा सर्वांत ओळखीचा साचा बारा ‘बार’चा. बार म्हणजे बहुधा चार मात्रांचा एक तुकडा. अशा बारा तुकड्यांचं एक आवर्तन होतं आणि एक कडवं त्यात बसतं. पहिल्या चार तुकड्यांत गायक एक ओळ म्हणतो, पुढच्या चारांत तीच ओळ पुन्हा म्हणतो, शेवटच्या चारांत तिचं उत्तर देतो. गंमत अशी की ओळ त्या चार तुकड्यांची पूर्ण जागा सहसा व्यापत नाही. जवळपास अर्धी जागा मोकळी राहते आणि त्या मोकळ्या जागेत गिटार बोलते. सुरांच्या बाबतीत सांगायचं तर ब्लूज वाजवणारे ज्या पाच स्वरांत फिरतात ते आपल्या धानी रागाचेच स्वर: सा, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद. पण चाल, लगाव आणि भाव सर्वस्वी निराळे. त्यात गंधार आणि निषाद नेमक्या जागी न ठेवता थोडे वर-खाली ओढले जातात, आणि ती ओढ हीच ब्लूजची खूण.

या गाण्याची मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट म्हणजे त्याचा संयम. दुःख मोठं असतं, शब्द मोजके असतात. तीच ओळ दुसऱ्यांदा येते तेव्हा ती पहिलीसारखी राहत नाही, कारण मध्ये ऐकणाऱ्याला विचार करायला जागा मिळालेली असते. १९४८ मध्ये जॉन ली हूकरने डेट्रॉइटमध्ये ‘बूगी चिलन’ ध्वनिमुद्रित केलं तेव्हा साथीला होती फक्त गिटार आणि ठोकला जाणारा पाय. तेवढ्यावर ते गाणं देशभर गाजलं.

बुकर टी. जोन्स हा या परंपरेतला पक्का माणूस. मेम्फिसच्या स्टॅक्स रेकॉर्ड्समध्ये बुकर टी. अँड द एमजीज हा त्याचा वाद्यवृंद होता. १९६२ चं त्यांचं ‘ग्रीन अनियन्स’ हे गाजलेलं वाद्यसंगीत म्हणजे बारा तुकड्यांचा ब्लूजच. अल्बर्ट किंगचं ‘बॉर्न अंडर अ बॅड साइन’ हे १९६७ चं गाणं बुकर टी.ने विल्यम बेलबरोबर लिहिलं आणि त्याच्या मंडळींनी वाजवलं. कमी वाजवणं ही स्टॅक्सच्या वादकांची ख्याती होती. विदर्ससाठी बुकर टी.ने त्यांतलेच दोघे बोलावले, बेस गिटारवर डोनाल्ड ‘डक’ डन आणि ड्रमवर अल जॅक्सन ज्युनियर. लीड गिटारला स्टीफन स्टिल्स आला. काही गाण्यांत ड्रमवर जिम केल्टनर आहे, बेसवर ख्रिस एथ्रिज आणि तालवाद्यांवर बॉबी हॉल ही वादक.

स्टुडिओत आल्यावर विदर्सने बुकर टी.ला विचारलं, ही गाणी गाणार कोण? आपली गाणी दुसरं कुणी तरी गाईल अशीच त्याची समजूत होती. गायचं त्यालाच आहे हे कळल्यावर तो बावरला. त्या दिवसांत गायक ग्रॅहम नॅश तिथे होता. तो विदर्सच्या समोर येऊन बसला आणि तू किती चांगला आहेस हे तुलाच ठाऊक नाही, अशा अर्थाचं काही बोलला. ‘डू इट गुड’ या गाण्यात विदर्स मध्येच गाणं थांबवून साध्या बोलण्यावर येतो आणि सांगतो की आपण हे पूर्वी कधी केलेलं नाही, बुकर टी. यांनी धीर दिला. घाबरलेपण लपवायचं सोडून त्याने ते रेकॉर्डवरच ठेवून दिलं. पैशांची चणचण होती, त्यामुळे तीन बैठकांत काम उरकावं लागलं आणि शेवटच्या बैठकीआधी सहा महिन्यांचा खंड पडला.

आता ‘एन्ट नो सनशाइन’ जवळून ऐकू. गाणं जेमतेम दोन मिनिटांचं. सुरुवातीला एकही वाद्य नाही. विदर्सचा आवाज एकटाच पहिले शब्द उच्चारतो आणि मग गिटार, बेस, ड्रम खालून येऊन त्याला झेलतात. बारा तुकड्यांचा साचा इथे नाही, पण ब्लूजची पद्धत पूर्ण आहे: छोटी ओळ, मग मोकळी जागा, मग तशीच पण किंचित बदललेली ओळ, आणि कडव्यात फिरून येणारे तेच पहिले शब्द. विषय एवढाच की ती घरात नसते तेव्हा घरात उजेड नसतो. ती का गेली, चूक कुणाची, परत येणार की नाही, यातलं काहीही सांगितलेलं नाही. १९६२ च्या ‘डेज ऑफ वाइन अँड रोझेस’ या सिनेमावरून विदर्सला हे गाणं सुचलं. त्यात जॅक लेमन आणि ली रेमिक यांनी दारूत बुडत गेलेलं जोडपं उभं केलं आहे. हे ठाऊक असलं की गाण्यातलं प्रेम वेगळं दिसायला लागतं. सोडून जाणारी आणि तरी पुन्हा हवीशी वाटणारी गोष्ट बाईच असेल असं नाही.

तिसरं कडवं येतं तिथे विदर्सपाशी शब्द नव्हते. नंतर लिहू म्हणून त्याने तेवढ्यापुरते ‘मला ठाऊक आहे’ या अर्थाचे दोन छोटे शब्द पुन्हा पुन्हा म्हटले. स्टुडिओतल्या लोकांनी सांगितलं, हे असंच राहू दे. ही सगळी मंडळी अनुभवी, आपण कारखान्यातला माणूस, त्यांचं ऐकावं, असा विचार करून विदर्सने मान्य केलं. ते शब्द एकूण २६ वेळा येतात. त्या भागात वाद्यंही बाजूला होतात, मागे जवळजवळ नुसता अल जॅक्सनचा ताल उरतो. आवाज चढत नाही, रडत नाही. एकदा श्वास संपत आल्यासारखा भासतो आणि तरी पुढे जातो. एखाद्याला आपण समजावायला गेलो की तो ‘कळतंय, कळतंय’ म्हणत राहतो आणि त्याला काहीच पटलेलं नसतं, हे प्रत्येकाने पाहिलेलं असतं. गाण्यात ते इतकं उघडं पहिल्यांदा इथे आलं असं मला वाटतं. मग गाणं गुमान पहिल्या ओळीवर परततं. तंतुवाद्यांची रचना बुकर टी.ने केली होती आणि तीही शहाणपणाने मागे उभी राहते.

ज्यांनी या गाण्याच्या दुसऱ्यांनी केलेल्या आवृत्त्या ऐकल्या असतील (मायकल जॅक्सनने १९७२ मध्ये ते गायलं, नंतर कितीतरी जणांनी) त्यांना एक गोष्ट जाणवेल. बहुतेक गायक त्या २६ वेळच्या पुनरुक्तीत आपली गायकी दाखवतात, हरकती घेतात, सूर वर नेतात. विदर्सने तिथे काही दाखवलं नाही.

त्यानंतर लगेच येतं ‘ग्रँडमाज हँड्स’. हेही दोन मिनिटांचंच, आणि अल्बममधलं माझं सर्वांत लाडकं. विदर्सच्या आजीचं नाव लूला. गाण्यात तिचा चेहरा नाही, वय नाही. आहेत ते हात. रविवारी चर्चमध्ये टाळ्या वाजवणारे, डफलीसारखं टॅम्बरीन वाजवणारे, पडलेल्या नातवाला उचलणारे, अधूनमधून सुजून दुखणारे. गाण्याची चाल गिटारच्या एका छोट्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या आकृतीवर आणि गुणगुणण्यावर उभी आहे, शब्द सुरू होण्याआधीच ते गुणगुणणं येतं. शेवटी विदर्स साध्या शब्दांत सांगतो की आजी आता नाही.  स्वर्गात गेलो तर तिचे हात शोधीन, एवढंच. ज्या पॉप संगीतात तेव्हा आणि आताही प्रेमिकांखेरीज माणसंच नसतात, तिथे एका म्हाताऱ्या बाईच्या सुजलेल्या हातांवर गाणं करावंसं वाटणं हीच मोठी गोष्ट होती. १९९६ मध्ये ब्लॅकस्ट्रीट या गटाने हेच गुणगुणणं उचलून ‘नो डिगिटी’ केलं आणि ते जगभर वाजलं. त्यावर नाचणाऱ्या कितीजणांना आपण एका आजीच्या आठवणीवर नाचतोय हे माहीत होतं कोण जाणे.

अल्बमची दुसरी बाजू अधिक काळोखी आहे. ‘होप शील बी हॅपिअर’ हे संथ, जवळजवळ प्रार्थनेसारखं गाणं: सोडून गेलेली बाई दुसऱ्याबरोबर सुखी होवो असं म्हणणारा आणि ते म्हणताना मोडून पडणारा पुरुष. ‘आय ॲम हर डॅडी’ मध्ये एका माणसाला कळतं की आपल्याला सहा वर्षांची मुलगी आहे आणि इतकी वर्षं कुणी सांगितलंच नाही. तो प्रश्न विचारत राहतो, उत्तरं मिळत नाहीत. दारूने संसार गेलेल्या माणसाचं ‘बेटर ऑफ डेड’ हे शेवटचं गाणं बंदुकीच्या आवाजावर संपतं. पहिल्याच अल्बमचा शेवट असा करू देणारी कंपनी आज सापडणार नाही. ब्लूजमध्ये मात्र मरण, दारू, घर सोडून जाणं हे विषय पहिल्यापासून होते आणि त्यांवर पांघरूण घालायची पद्धत नव्हती. विदर्सने ते विषय घेतले आणि तिसऱ्याच कुणाच्या तोंडी घातले. ही माणसं तो स्वतः नाही, ती त्याने पाहिलेली आहेत. इथे तो ब्लूज गायकापेक्षा कथाकाराच्या जवळ जातो.

सगळीच गाणी या तोलाची नाहीत हेही सांगायला हवं. बीटल्सचं ‘लेट इट बी’ आणि फ्रेड नीलचं ‘एव्हरीबडीज टॉकिन’ ही दोन उसनी गाणी अल्बममध्ये आहेत. दोन्ही नीट गायलेली आहेत, टाळ्यांच्या तालावरचं ‘लेट इट बी’ तर थेट बेकलीच्या चर्चमध्ये घेऊन जातं. पण आजूबाजूला विदर्सची स्वतःची गाणी असताना ती पाहुण्यांसारखी वाटतात. बारा गाण्यांपैकी दहा स्वतःची असताना या दोहोंची गरज नव्हती असं माझं मत आहे.

अल्बम आला तेव्हा कंपनीने सिंगल म्हणून निवडलं ‘हार्लेम’, न्यूयॉर्कच्या काळ्या वस्तीचं चढत्या लयीचं वर्णन. ‘एन्ट नो सनशाइन’ टाकलं होतं तबकडीच्या मागच्या बाजूला. रेडिओवरच्या निवेदकांनी तबकडी उलटवली आणि तेच वाजवायला सुरुवात केली. गाणं बिलबोर्डच्या मुख्य यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेलं, दहा लाखांवर प्रती खपल्या, आणि पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट आर अँड बी गीताचं ग्रॅमी मिळालं. कंपनीने विदर्सला सोन्याचा मुलामा दिलेली कमोडची सीट भेट दिली. अल्बम येण्याआधीच त्याला कारखान्यातून कमी करण्यात आलं होतं. मग एके दिवशी दोन पत्रं बरोबरच आली: एक कामावर परत या म्हणून, दुसरं जॉनी कार्सनच्या टीव्ही कार्यक्रमात गायला या म्हणून.

एवढं यश मिळूनही या अल्बमसारखा अल्बम विदर्सला पुन्हा करता आला नाही, असं मी म्हणेन. १९७२ च्या ‘स्टिल बिल’ वर ‘लीन ऑन मी’ आहे, जे पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि काहींच्या मते तोच अल्बम सरस आहे. तोही उत्तम आहे, पण तोपर्यंत विदर्स गायक झालेला होता. ससेक्स बंद पडल्यावर तो कोलंबिया या मोठ्या कंपनीत गेला आणि तिथले अधिकारी त्याला काय गावं ते सांगू लागले. कुणी तरी एल्व्हिस प्रेस्लीचं ‘इन द गेटो’ गाण्याचा सल्ला दिला, तो त्याच्या मनाला कायमचा लागला. १९७८ नंतर सात वर्षं त्याचा एकही अल्बम आला नाही. १९८५ मध्ये शेवटचा आला आणि वयाच्या ४७ व्या वर्षी तो धंद्यातून बाहेर पडला, पुन्हा आला नाही. २०१५ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतलं तेव्हा सत्कार स्टीव्ही वंडरने केला. ३० मार्च २०२० ला विदर्स गेला, आणि त्याच आठवड्यांत करोनाच्या टाळेबंदीत अमेरिकेत लोक ‘लीन ऑन मी’ गात होते.

ज्यांना हा अल्बम नव्याने ऐकायचा आहे त्यांनी थेट ‘एन्ट नो सनशाइन’ पासून सुरुवात करू नये, ते कानावरून इतक्या वेळा गेलेलं असतं की ऐकू येत नाही. आधी १९७२ च्या कार्नेगी हॉलच्या मैफिलीतलं ‘ग्रँडमाज हँड्स’ ऐकावं. त्यात विदर्स गाण्याआधी आजीबद्दल बोलतो, श्रोते हसतात, आणि मग तो गायला लागतो. त्यानंतर १९७४ च्या किन्शासातल्या महोत्सवावरच्या ‘सोल पॉवर’ या माहितीपटातलं ‘होप शील बी हॅपिअर’ पाहावं. मुहम्मद अली आणि जॉर्ज फोरमन यांच्या लढतीच्या निमित्ताने झालेल्या त्या गाजावाजाच्या महोत्सवात, दमदार वाद्यवृंदांच्या मध्ये, हा माणूस एकटा गिटार घेऊन बसतो आणि गातो. मग मूळ अल्बम ‘हार्लेम’ पासून ओळीने एका बैठकीत ऐकावा. सगळा मिळून सुमारे ३५ मिनिटांचा आहे.